वाळूत ठेवलेलं जाळं

जाळं गेलं ते माझं, हिराबाईचं, वर्सोव्याच्या कोळणीचं. नारळी पुनवेला चार दिवस राहिलेले, रविवार होता, सकाळचे दहा. आधी हे लिहा, मंग बाकीचं. मी इथलीच, माहेर या गल्लीत नि सासर पुढच्या, शाळा दुसरीपर्यंत, त्यापुढं जवळा, म्हंजे अगदी बारकी कोळंबी, निवडला नि मासळी विकली, आणि मालक गेल्यापासून जाळंबी मीच शिवते, सहा वर्षं झाली त्यांना.

आता आमच्या किनाऱ्यावर रीत हाय, दुसऱ्याच्या जाळ्याला कुणी हात लावत नाय, प्यायलेला गडीसुद्धा वळसा घालून जातो, म्हणून राखायला कुणी बसतच नाय. मी जाळ्याचा शेपटाकडचा भाग, मासळी साठते तो, होडीच्या सावलीत ठेवलेला, अर्धा शिवून झालेला, अर्ध्यात गेल्या हंगामाच्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, नि घरी पेज खायला गेले. आले तर वाळू मोकळी. त्या दिवशी किनारा साफ करायला पोरं आलेली, ढोल वाजवत, अंगात कासवाचे टी-शर्ट. त्यांनी कचरा म्हणून उचललं. लेक म्हणाला, आई, पुनवेला बोट जाणार कशी. मला मात्र आधी मालकांच्या गाठी आठवल्या, काय सांगू तुमाला, डावखुरे होते, गाठ उलटी पडायची, मी चिडवायची, मासा हसंल म्हणायची.

तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या सुनेनं फोनवर फोटो दाखवला, अंधेरीच्या मॉलमधे प्लास्टिकचा देवमासा उभा केलाय, लोक त्याच्यापुढं सेल्फी काढतायत, नि पोटाला जाळं. मी तशीच गेले. गाठी चाचपल्या, उलट्याच. नि पोटाचा आकार यायला मधनं कात्री चालवलेली. मासा केलेली पोर तिथंच होती, मुलुंडची, अनघा नाव. म्हणाली, मावशी, आम्हाला वाटलं टाकून दिलंय.

"वाटलं तर विचारायचं गं. आमी काय लांब राहतो?"

रडायलाच लागली. माझ्या नातीएवढी, रागावणार कुणावर. बांबूची सुई पिशवीत होतीच, तिथंच फरशीवर बसले, तिलाबी बसवलं, दोन दिवस आमी माशाच्या पोटाखाली जाळं शिवलं. नि गंमत बघा, फोटो काढून पळणारे लोक थांबायला लागले, आजी काय करताय विचारायला लागले. मी जाळ्यातनं निघालेलं एकेक दाखवायची. त्यात नखाएवढे तिकोनी तुकडे असतात, निळे, पांढरे, जवळ्यात मिसळले की वेचताना डोळे जातात. एक बाई वाकून बघत राहिली, मंग हळूच म्हणाली, हा दुधाच्या पिशवीचा कोपरा ना, मी रोज कापते. अनघानं माशाचं पोट मोकळंच ठेवलं, खाली बरणीत ते तुकडे मांडले.

बोट पुनवेनंतर दोन दिवसांनी गेली. जाळ्यात आता अनघाच्याबी पाच-सहा गाठी हायत, ढिल्या. लेक म्हणतो सोडव, मी नाय सोडवत, शिकंल पोर, येते रविवारी. तिचं भलं होवो, पण जवळा निवडायला बसले की कोपरे आजबी निघतातच. तुमी हे वाचताय ना, मंग उद्या सकाळी दूध तापवायला घ्याल तेव्हा पिशवीला नुसती चीर द्या. कोपरा तोडू नका, पिशवीलाच राहू द्या.