आत्याला सगळ्यांच्या शेवटी

— नाही, नाही, उठू नका आत्या, चूल मी पेटवते, तुम्ही बसा. नाहीतर नका बसू, पाठ करून उभ्या राहा, मला चालतं, एकतीस वर्षं पोरांच्या पाठी बघतच शिकवलंय मी. ही साखर, हे कापड, आणि ही तपकीर — गुटूच्या बाजारातली, कडक, शिंकून शिंकून डोळ्यांत पाणी येतं ती. इथे ठेवते. उंबऱ्यात गुडघे टेकून तीनदा नमस्काराच्या टाळ्या वाजवल्या मी, तुमची एक टाळी परत आली नाही. म्हणजे कळलंय तुम्हाला. कुणी सांगितलं? माई टाफरानं? दुसरं कोण! बाई बसमध्ये चढली असेल आणि ड्रायव्हरपासून टपावरच्या कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं असेल — “सेकाईबाई चालल्या रवांडाला, इंग्रजी शिकवायला, विमानानं!” तर हो, चालले. चौपन्नाव्या वर्षी. घ्या, बोलून टाकलं.

रीत मला ठाऊक नाही असं समजू नका. मुलीला लांब जायचं असेल तर आधी आत्याच्या कानावर घालायचं, आत्यानं तिच्या बापाला सांगायचं, मग बापानं बाकीच्यांना. आणि मी काय केलं? शाळेत सांगितलं. चर्चच्या बायकांना सांगितलं, त्यांनी केक केला, त्यावर विमान काढलं — विमान कसलं, पंख फुटलेली बकरी दिसत होती, पण खाल्लं मी, शेपटीसकट. बॅगवाल्यालासुद्धा सांगितलं, त्यानं विचारलंही नव्हतं. आणि बाबांना — हो, बाबांनाही, थेट तोंडावर. त्यांच्या हातातला पेला कलंडला. म्हणाले, “माझ्या बहिणीचं काय म्हणणं?” मी म्हटलं, बाबा, शेंगदाणे भाजू का तुम्हाला?

हसलात. खांदे हलले, मी बघितलं. नाही? बरं, नाही तर नाही.

मुलाखतीचं तरी ऐका! आमच्या शाळेत फोनला रेंज एकाच जागी, मागच्या मोठ्या वारुळावर. म्हणून मी वारुळावर. वर लग्नातला ब्लाउज, खाली गमबूट — खालचं कुठे दिसतंय त्यांना? फोनमध्ये तिकडची तीन माणसं, टाय लावलेली, एकाचं डोकं तर असं चकचकीत — आणि मुख्याध्यापकांची बकरी आली माझा परकर चघळायला. मी ओरडले, “खाली बैस!” — वर्गातला आवाज, आत्या, आतून येतो तो, आपल्या हातात नसतं — बकरी पळाली, आणि तिकडे ते तिघेही ताठ! टाय सारखे केले, हात मांडीवर! पुढे त्यांनी मला फारसं विचारलंच नाही, मीच त्यांना विचारलं. आठवड्यानं पत्र. आणि पोरं नाही शिकवायची, मास्तरांना शिकवायचंय — जन्मभर फ्रेंचमध्ये शिकवत आलेले मास्तर, मोठाले, टकलेबिकले, ते माझ्यासमोर बाकावर बसणार आणि मी म्हणणार, वही काढा! पत्र वाचलं आणि मी घरात नाचले. नेत्साईचे बाबा म्हणाले, बाई, आपल्याला नातवंडं आहेत. मी म्हटलं, मग त्यांनाही बोलवा नाचायला. बिचारा मी जाणार म्हणून मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा रांधायला शिकलाय. त्याच्या सादझानं विहीर बांधता येईल. पण शिकलाय. दोनच तर वर्षं आहेत. तीनही होतील. मी काही मोजत नाही.

आत्या, बघा ना इकडे.

बसमध्ये येताना मी पाठ केलं होतं — आत्या, घाईगडबडीत सांगायचं राहून गेलं, मनात काही आणू नका. छान जमलं होतं, आवाज जरा पाडून. पण ते खोटं आहे. राहून नाही गेलं. मुद्दाम नाही सांगितलं. का म्हणजे? तुम्हाला आठवत नसेल. मला तारखेनिशी आठवतंय. सत्तावीस वर्षांची होते, बोट्स्वानातल्या शाळेनं बोलावलं होतं. इथेच बसून विचारलं तुम्हाला. म्हणालात, पोरीचं दूध सुटलं नाही अजून. बरं, नाही गेले. मग इंग्लंडचं आलं. परत इथेच, याच चटईवर. म्हणालात, सासू अंथरुणाला खिळलीय. नाही गेले. सासूबाई पुढच्या महिन्यात उठल्या आणि अकरा वर्षं ठणठणीत जगल्या, आणि अकराही वर्षं माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवत राहिल्या! माझ्याबरोबर शिकलेली विंबाई गेली तेव्हा इंग्लंडला. ख्रिसमसला फोटो पाठवायची. मी ते भिंतीला लावायचे, पोरांना दाखवायचे, बघा, बाईंची मैत्रीण. घरी येऊन मग — जाऊ दे. काही नाही. कांदा चिरायचे.

तर म्हणून. नवऱ्याला मी गुंडाळते, बाबांना शेंगदाणे देते, मुख्याध्यापक तर मला घाबरतातच. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात ना, तर मी बॅग उघडून एकेक कपडा कपाटात परत लावीन. या वयात! ठाऊक आहे मला. म्हणून सगळ्या गावाला आधी सांगून टाकलं, केक खाऊन टाकला, म्हणजे परत फिरायची लाज वाटेल. सोमवारी विमान आहे. आज शुक्रवार. तुमचा आशीर्वाद नसेल तरी जाईन — बघा, बोलले — म्हणा, म्हणा नाही, एकदाच म्हणून बघा — नको, नका म्हणू आत्या —

काय?

परत बोला. — मी विचारलं म्हणून? दोन्ही वेळा मी विचारायला आले, म्हणून नाही म्हणालात? — पण रीतच आहे ना, तुम्हीच तर शिकवलीत, आधी आत्याला — काय? सांगायचं? सांगायला यायची रीत आहे, विचारायला यायची नाही? — “डोळे खाली घालून, चटईची काडी उपसत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत” — मी अशी बसले होते? — मला वाटलं, तुम्ही अडवताय. आणि तुम्हाला वाटलं, मीच अडवून घ्यायला आलेय. दोन्ही वेळा. — हो. घाबरले होते. तेव्हा फार घाबरले होते मी, आत्या.

सत्तावीस वर्षं.

नाही, रडत नाही, धूर गेला डोळ्यांत. — अहो, ढकलताय कुठे, वयाचा तरी विचार करा, तुमच्या! — हो, ऐकू आला हॉर्न. पाच मिनिटं थांबते बस वळणावर. पण आजची रात्र तुमच्यापाशी राहू का —

नाही. विचारलं नाही मी. चालले.