लाल दिवा लागल्यावर

नाही, मला सांगा, तीस वर्षं लोकांचं गाणं-बजावणं रेकॉर्ड करणाऱ्या बापाला मुलगी येऊन सांगते, "बाबा, मी ज्याच्याशी लग्न करणार तो गिटार वाजवतो," तर बापाने काय नाचावं? मी म्हटलं, आण त्याला, अख्खा अल्बम माझ्याकडे रेकॉर्ड करू दे, एक चूक सापडली की नकार! अहो, चुका काढणं हाच माझा धंदा. आमचा स्टुडिओ म्हणजे एकच खोली, वादक आणि मी समोरासमोर, त्यामुळे लाल दिवा लागला की शिंकसुद्धा गिळायची... नुसता खोकला म्हणून सख्ख्या मेहुण्याला बाहेर काढलंय मी, बायको आठवडाभर बोलत नव्हती.

तर हा आला. हडकुळा. म्हटलं, बाकीचे वादक कुठायत? तर म्हणतो, "काका, मी एकटाच." माणूस एक, गिटार एक! म्हटलं चला, अर्ध्या तासात सुटलो.

आणि तुम्हाला सांगतो... सुरुवात आलापीने, मींड अशी की तार आहे की लोणी, मी चूक शोधतोय, तेवढ्यात अंगठ्याने खर्जाच्या तारांवर आफ्रिकेतला झुलता ताल धरला, वर आलापी चालूच, मग बोटं अशी झाडली की स्पेनमधल्या नाचणारीच्या टाचा वाजायला लागल्या, आणि मधूनच लाकडावर तळव्याने तबला! मी टेबलाखाली वाकून पाहिलं हो, आणखी कोणी बसलंय का. कोणी नाही. माणूस एक, गिटार एक! चूक शोधायची राहिलीच, माझे डोळे भरून आले.

शेवटचा सूर विरत होता... आणि कोणीतरी ओरडलं, "अरे मेलो रे, मेलो!" मी भडकून वर पाहिलं, कोण हा गाढव? तर खोलीत आम्ही दोघंच, आणि त्याचं तोंड मिटलेलं.

मी खाली मान घालून म्हटलं, पुन्हा वाजव, हे पुसतो. तर तो शांतपणे म्हणतो, "नको काका. असं पुन्हा वाजणार नाही."

मुलीने नंतर येऊन हेडफोन लावून ऐकलं, काढून ठेवला. "सापडली बाबा चूक. आता द्या नकार."

काय देणार, कपाळ? अल्बम निघालाय, वर ठळक अक्षरात छापलंय, 'एकल गिटारवादन'. साफ खोटं आहे हो ते. माणूस एक, गिटार एक... आणि सासरा एक.