हे फक्त मलाच आहे

...आणि वर मलाच म्हणतात, ताई, पडदा नीट ओढून घ्या! अहो तुम्हाला सांगते, तेरा वर्षं पार्लर चालवतेय, भुवया पुढच्या खुर्चीत, ऐटीत, आणि हनुवटीवरचे केस मागे, पडद्याआड, श्वास रोखून, आणि दोरा लागायच्या आत ठरलेलं वाक्य: ‘कुणाला सांगू नका हं, हे फक्त मलाच आहे.’ अशा ‘फक्त मलाच’ माझ्याकडे एकवीस आहेत! इतिहासाच्या बाई, सगळ्या लढायांच्या तारखा तोंडपाठ, स्वतःच्या पाळीची तारीख विचारा... आठवत नाही. दवाखान्यातली नर्स, जिनं स्वतःच्या हातानं भिंतीवर ‘पाळी चुकते? हनुवटीवर केस? पीसीओएस ओळखा, वेळीच तपासा’ असा कागद चिकटवलाय, ती म्हणते, ‘माझं ते नाही हो, माझी उष्णता आहे.’ चार-चार महिने पाळी गायब, म्हणे उष्णता! आणि कुणाला सांगू नका हं.

नाही सांगितलं. पण परवा एक सतरा वर्षांची पोर आली, हळूच म्हणाली, ‘ताई, सहा महिने पाळी नाही, भीती वाटते. आई म्हणते, अभ्यासाचा ताण.’ आई? जिची हनुवटी मी दर मंगळवारी करते, ती आई? माझं डोकंच फिरलं. पडदा काढला, धुवायला टाकला आणि त्या पोरीला धरून सहाजणींना एकच वेळ दिली, शनिवारी अकरा.

आल्या. एकमेकींना बघून जागच्या जागी थिजल्या. ‘मी आपली केस कापायला,’ इतिहासाच्या बाई. ‘मी पण,’ नर्स. ‘मीसुद्धा,’ आई. कापले! बाईंनी कमरेपर्यंतची वेणी कापून घेतली, पण हनुवटी वर केली नाही!

शेवटी पोरगी खुर्चीत बसली नि मोठ्यानं म्हणाली, ‘माझी हनुवटी करा, आणि मला सहा महिने पाळी नाही.’ आई पांढरीफटक. बाई कापलेली वेणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या पुटपुटल्या, ‘मला... आठ.’ मग काय, लिलावच सुरू झाला! पाच, सात, नऊ... नर्सनंच डॉक्टरांना फोन लावला.

गेल्या सगळ्या मिळून, पोरीला मध्ये घेऊन. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दारातून पोरगी म्हणाली, ‘ताई, तुम्हीपण चला ना.’ मी म्हटलं, ‘मला कुठे काय झालंय?’

पडदा वाळला तसा परत लावलाय. माझी हनुवटी माझी मलाच करावी लागते ना... कुणाला सांगू नका हं, हे फक्त मलाच आहे.