ढिगावरचा कोट

मी मूळचा ब्राह्मणपुरीचा, शहादा तालुक्यातला. घरी शेती, वर मोठे भाऊ आणि मी शेंडेफळ, आणि शेंडेफळाचं काय असतं सर, की त्याला सगळं मिळतं पण वापरून झालेलं मिळतं. मोठ्याचा शर्ट मधल्याला, मधल्याचा मला, आणि माझ्या अंगावर येईपर्यंत त्या शर्टाला शाळा, शेत, बैल, मास्तरची छडी, सगळं पाठ झालेलं असायचं. लोकांना वाटतं अशा पोराला पुढं नव्या कपड्यांची हाव सुटत असेल. माझं उलटं झालं. नवा कपडा घातला की मला परक्याच्या घरी खुर्चीवर बसल्यासारखं होतं, हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही.

पुढं शेत भावांनी सांभाळलं आणि मी नंदुरबारला येऊन रिक्षा धरली. स्टेशन ते बाजार, बाजार ते स्टेशन. एकदा बाजाराच्या दिवशी मिरचीवाल्या बाईला पोत्यासकट उतरवलं आणि रिक्षा वळवायला गेलो, तर भाजीवाल्यांच्या पलीकडं ताडपत्रीवर हे एवढं ढिगार. काय सांगू तुम्हाला सर, डोंगर होता वापरलेल्या कपड्यांचा. शर्ट, पँटी, स्वेटर, फ्रॉक, साड्या, पडदे, एक तर वकिलाचा काळा डगला, सगळे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पडलेले. वर ढिगाचा मालक रज्जाकचाचा उभा आणि ओरडतोय, हात लगाके देखो, देखने का पैसा नहीं. शेजारी मिरची, त्यामुळं जो वाकायचा तो शिंकायचा. मी वाकलो, शिंकलो, आणि जो अडकलो तो आजवर अडकलेलोच आहे. आम्ही त्याला नुसतं ढीग म्हणतो. आज कुठं, तर ढिगावर.

तुम्ही दुकानात जाता, तिथं एकाच मापाचे, एकाच रंगाचे शर्ट रांगेत उभे असतात, तुम्ही बोट दाखवता, झालं. ढिगावर तसं नाही. तिथं हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो, डोळे मिटले तरी चालतात. बोटाला कळतं, हे टेरिकॉट, हे सुती, हे लोकरीचं. मग ओढायचं हळूच, नाहीतर दुसऱ्या टोकाला एखादी बाई तेच ओढत असते. मग उन्हाकडं धरून भोक बघायचं, कॉलर बघायची, काख बघायची, वास घ्यायचा. आणि शेवटी खिशात हात घालायचा. खिसा म्हणजे काय सांगू, एकेकदा अंगावर काटा येतो. कधी सुपारीचं खांड, कधी तुळशीचं वाळलेलं पान, एकदा कुठल्या तरी लांबच्या शहराचं बसचं तिकीट. तो माणूस उतरला कुठं, कोणाकडं गेला, त्याला घ्यायला कोणी आलं होतं का, मी रात्रभर त्याचाच विचार करत पडलेलो. एवढं सगळं चहा-भज्याच्या पैशात. मला अजून खरं वाटत नाही की हे असं मिळतं आणि पोलीस धरत नाही.

आता फसलो नाही का, तर फसलो. बूट घेतले, चकचकीत, चाचाशी भांडून भांडून निम्म्यात आणले, घरी आल्यावर कळलं की दोन्ही डाव्या पायाचे. परत देणार कसे, मीच छाती काढून सांगितलं होतं की मला मालाची पारख आहे. सबंध उन्हाळा ते घालून रिक्षा चालवली, आणि ब्रेक दाबताना उजवा पाय असा आत वळायचा की स्टँडवरचे म्हणायचे, भाऊ, तुन्हा पाय घरकडे जाई ऱ्हायना. जाऊ द्या.

घरी मात्र या धंद्याला बंदी. कविताची आई, म्हणजे माझी बायको सुशीला, तिचं एकच म्हणणं, ढिगावरचे कपडे मेलेल्या माणसांचे असतात. कोणी मेलं की घरचे कपडे काढून टाकतात आणि ते फिरत फिरत ढिगावर येतात. मरेल माणूसनं काही घरमा आनू नका, म्हणायची. मी एखादा शर्ट आणला की ती तो काठीनं उचलून बाहेर दगडावर टाकायची, ऊन द्यायची, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची, आणि मग मी घालून जेवायला बसलो की माझ्याकडं अशी बघायची, जणू ताटावर दोघं बसलेत.

तर कविता, माझी एकुलती पोर. तिला म्हसावदचं स्थळ आलं. माणसं जमीनजुमल्याची, पपईचे मळे, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे कविताला आवडलेला. ते पोरगी बघून गेले, पसंती कळवली, आता रीतीप्रमाणं आम्ही त्यांचं घर बघायला जायचं. याआधीचं एक स्थळ माझ्यामुळंच गेलं होतं. त्यांच्यासमोर मी घातलेल्या शर्टाच्या खिशावर दुसऱ्याच गावच्या शाळेचं नाव विणलेलं निघालं, आणि त्यांनी विचारलं, तुम्ही मास्तर का, तर मी घाबरून हो म्हणालो. मग चौकशी झाली. ते राहू द्या. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी कविता माझ्याजवळ येऊन बसली. पोर कधी काही मागत नाही. म्हणाली, आप्पा, माले तठेच जानं शे. तुम्ही फक्त काही गोंधय करू नका. तिचा आवाज एवढा लहान झाला होता सर, की मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ घेतली.

आणि मी काय केलं असेल? कोट आणला. थंडीचे दिवस, मोठ्या लोकांच्या घरी जायचं, आणि ढिगावर त्याच आठवड्यात तो कोट माझ्या हाताला लागला. राखाडी, बारीक चौकड्यांचा, लोकरीचा, आतून लाल अस्तर. अंगात घातला तर असा बसला, जणू मी झोपेत असताना कोणी माप घेऊन गेलंय. आतल्या खिशाजवळ अस्तर उसवलेलं आणि ते कोणीतरी हिरव्या धाग्यानं शिवलेलं, पण टाके एवढे बारीक, एवढे सारखे, की मी तिथंच ढिगावर उभा राहून ते बोटानं चाचपत राहिलो. वाटलं, ज्या बाईनं हे शिवलं तिचा त्या माणसावर केवढा जीव असेल. चाचा म्हणाला, लेना है तो ले, रो मत.

सुशीलाला काय सांगणार? बाजारपेठेतल्या कपड्याच्या दुकानाची एक पिशवी घरी होती. कोटाला इस्त्री मारली, त्या पिशवीत घातला आणि तिच्यासमोर काढला. तिनं विचारलं, नवा शे का? मी म्हटलं, कोराकरकरीत.

म्हसावदला घर मोठं, ओटा मोठा. व्याही म्हणजे आडवा-उभा माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. सुशीला पदर सावरून सतरंजीवर, मी खुर्चीवर, मुलगा दाराशी उभा. विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, माझ्यासमोर वाकल्या, आणि सर, त्यांचा हात तिथंच थांबला. नजर माझ्या छातीवर. मला वाटलं, कोट आवडला. म्हणून मी आणखी थोडा पुढं सरकलो आणि एक बाजू उघडून अस्तरही दाखवलं.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. व्याही म्हणाले, कोट चांगला शे. कोठे लिधा? आता इथं गप्प बसायचं की नाही? मी म्हटलं, सुरतले शिवी लिधा, माप देईसन. सुशीलानं माझ्याकडं पाहिलं. दुकानाच्या पिशवीतला कोट सुरतला कधी गेला, हे तिलाही नवीन होतं. व्याही उठले. जवळ आले, कोटाची बाजू दोन बोटांत धरली, उलटली, हिरव्या टाक्यांवर अंगठा फिरवला आणि शांतपणे बोलले.

सुरतना शिंपीले मन्ही बायकोना टाका कसा काय येस?

व्याह्यांनी ट्रेमधला एक कप उचलला, घोट घेतला. मग म्हणाले, काढा जरा. मी काढला. आणि सर, मी गाढव माणूस, कोट झाकेल म्हणून आत जो हाताला आला तो शर्ट घातलेला, तोही ढिगावरचा, आणि त्याच्या पाठीवर हातभर अक्षरात छापलेलं, केटरर्स. मी कोट खुर्चीवर ठेवायला वळलो आणि मुलीचा बाप सगळ्यांकडं पाठ करून उभा. मुलगा दारातून बाहेर पळाला, त्याला हसू आवरेना. व्याह्यांनी सावकाश वाचलं आणि म्हणाले, पाव्हना, मंग वाढाले लागा.

आत कोणी हसलं नाही. मला फक्त कविता दिसत होती, घरी दाराशी उभी राहून रस्त्याकडं बघणारी. सुशीला सतरंजीची दशी ओढत होती, ओढतच होती. संपलं, म्हटलं. दुसरंही स्थळ शर्टानं खाल्लं.

पण व्याही माझ्याकडं बघतच नव्हते. ते विहीणबाईंकडं वळले. म्हणाले, हाऊ मन्हा लगीनना कोट शे. तू सांगं व्हतं उंदिरस्नी खादा. मग माझ्याकडं बोट केलं. मंग हाऊच उंदीर का?

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मी बघितलं सर, माझ्यासारखंच कोणीतरी खोटं बोलून पकडलेलं माणूस या घरात आहे, एवढा धीर मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, पेटीमा सडी ऱ्हायंता. भांडेवाली उनी, कोट देईसन पातेलं लिधं. व्याही म्हणाले, कोनतं पातेलं? त्या म्हणाल्या, तेमाच च्या करेल शे.

व्याह्यांनी हातातल्या कपाकडं पाहिलं. मग कोटाकडं. मग परत कपाकडं.

म्हंजे मी मन्हा कोट पी ऱ्हायनू.

आणि पहिली कोण हसली, तर आमची सुशीला. जी बाई लग्नात हसली नव्हती ती सतरंजीवर आडवी झाली. मग विहीणबाई, मग व्याही, मग बाहेरून मुलगा, आणि मी केटरर्सच्या शर्टात उभा, हसावं की रडावं ते कळेना, दोन्ही केलं. व्याह्यांनी कोट अंगात घालून बघितला. एक हात गेला, दुसरा कोपराशी अडला, पोटापाशी दोन काठ एकमेकांना भेटायला तयार नाहीत. काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर स्वतःच्या हातानं घातला. म्हणाले, तुमना आंगवर बठस. आमना आहेर तं पहिलेच पोचना तुमनाकडे. आते आंडेर कव्हय देशात ते सांगा. म्हणजे पोर कधी देता, असं विचारलं सर त्यांनी.

तुम्ही विचार करा सर. भांडेवालीच्या पाटीतून तो कोट कुठल्या गाठोड्यात गेला, कोणत्या गाडीत चढला, कुठं कुठं उतरला, आणि एवढ्या माणसांतून, एवढ्या हातांखालून निसटून नेमका माझ्याच हाताला लागला, आणि मी तो घालून त्याच्याच घरी चहाला गेलो. मी आजही रात्री अंथरुणावर हे आठवलं की उठून बसतो. हे कोणी जुळवलं?

बसनं परत निघालो. घर आलं. कविता दारात. तिनं आधी आमची तोंडं बघितली, मग कोट बघितला, आणि तिचा चेहरा पडला. मी काही बोलणार तोच सुशीला चप्पल काढता काढता म्हणाली, कोटना मालक जित्ता शे. च्या पी ऱ्हायंता. आणि मग कविताला जवळ घेतलं.

आता कविता म्हसावदला नांदते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी येते, पोराला घेऊन येते, आणि ते पोर मला उंदीरआजा म्हणतं, त्याला कोणी शिकवलं ते सांगायला नको. व्याही आले की आधी खुंटीवरच्या कोटाला हात लावतात, बरा शे ना रे, असं त्याला विचारतात आणि मग मला विचारतात. आणि सुशीला? बाजाराच्या दिवशी ती माझ्या आधी तयार. ढिगात कोपरापर्यंत हात घालते, कपडा उन्हाकडं धरते, वास घेते आणि मला म्हणते, हाऊ जित्ता माणूसना शे, ल्या. कसं ओळखते ते सांगत नाही. मी पिशवी धरून मागं उभा असतो, शिंकत.

पण एक करतो. घरी आणलेला कपडा पहिल्यांदा अंगात घालताना थोडा थांबतो आणि मनात म्हणतो, बाबा, तू जो कोण असशील, जिथं असशील, तुझ्या घरी चुलीवर पातेलं असू दे आणि त्यात चहा उकळत राहू दे.