बाराची तालीम

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत रसायनांच्या कारखान्याची नवी सुरक्षा अधिकारी बाकावर बसली होती. पुढच्या बाकावर त्याच कारखान्याचे दोन निवृत्त कामगार होते.

"काल भोंगा ऐकलास?"

"ऐकला की! बारा वाजले म्हणून ताट वाढून घेतलं."

"अरे, जेवणाचा भोंगा बंद झालाय! जगभरच्या देशांनी मिळून कारखान्यांतले अपघात टाळायचे नियम केले, त्यांचा आपल्याकडेही कायदा झाला. आता विषारी वायू गळाला तरच भोंगा. ऐकला की घर सोडून थेट टेकडीवर! काल त्याचीच तालीम होती."

"भोंगा बंद केला, पण पोटाला कोण सांगणार? चाळीस वर्षांची सवय! टेकडीवर गेलं कोण?"

"मी एकटा."

"वा! कायदा पाळणारा तू एकटाच!"

"कसला कायदा! सूनबाईनं डबा दिला होता. म्हटलं, वाऱ्यावर बसून खाऊ."

"आणि खरंच वायू गळाला असता तर?"

"निदान तू उपाशी गेला नसतास!"

दोघे खो खो हसले. अधिकारीबाईंनी वही काढली, पुढच्या तालमीचे 'बारा' खोडून 'साडेतीन' लिहिलं आणि पुढे वाकून विचारलं,

"आजोबा, दुपारी साडेतीनला तुम्ही काय करता?"

"साडेतीनला? आख्खी वस्ती घोरत असते, बाळ. भोंगा काय, ढोल बडवलास तरी कुणी उठायचं नाही!"