जुन्या लुगड्याच्या पट्ट्या

— चिंध्याच हायेत त्या मॅडम, दुसरं काई नाई. जुन्या लुगड्याच्या. सुतळीनं बांधलं का टमाट्याची फांदी कापते, फळाचं वजन आलं का तठीच मोडते — म्हून मऊ कापड लागते. बसा ना, त्या कॅरेटवर बसा, उलटं करून घ्या. फोटो मंग काढजा. नाव? शालूबाई लिहा. शालूबाई, नाचणगाव, भाजीची वाडी. शनिवारी समुद्रपूरच्या मेळाव्यात बोलाचं हाये, संकटावर मात कशी केली ते — समजलं मले, दोनदा फोन आलता तुमच्या हापिसातून. चांगलं चांगलं बोलाचं, बायायले हिंमत आली पाह्यजे. बोलीन ना. काऊन नाई बोलनार?

लिहून घ्या मंग. गुंजनच्या बाबाले लकवा मारला — गुंजन म्हंजे माही पोरगी, एकच हाये — तर डावं अंग पूर्ण गेलं त्याईचं. लोकं भेटाले येत, रडून जात. मी म्हटलं, रडून हा मानूस उठून बसन काय? खाटेच्या पायथ्याले दोर बांधला, म्हटलं उजव्या हातानं हा धरा अन् उठा. उठले. आता खाटेवर बसून सांबाराच्या, तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधतेत, एका हातानं अन् दातानं. मोटर जळाली भर उन्हाळ्यात, तर एकेका झाडाच्या बुडाशी मडकं पुरलं, त्याले बारीक छेद पाडला, वांगे जगवले. गाव म्हणते शालूबाईले रडता येत नाई. येत असन बापा, वेळ नाई भेटला. काई झालं का माह्या डोक्यात पहिले हेच येते — मंग आता कराचं काय? हेच लिहा तुमी, हेच पाह्यजे ना तुमाले.

पट्ट्या? हो, माह्याच डोक्यातलं. नाई, या पट्ट्या यंदाच्या हायेत. पहिल्या वर्षीच्या दुसऱ्या होत्या. त्या — जाऊ द्या. पानी आनू काय? बरं, तुमी आता एवढं पाहूनच राह्यल्या तर सांगतो. गुंजन पहिल्या बाळंतपणाले आलती माहेरी. आपल्यात पहिलं माहेरीच असते. माह्या सासूचं लुगडं होतं पेटीत, धुऊधुऊ असं मऊ झालतं का हातात धरलं तर हातात नाई असं वाटे. त्याचे दुपटे शिवले आमी दोघीनं, ओसरीत बसून. नव्या कापडानं लेकराची कातडी सोलते ना. सात दुपटे अन् एक गोधडी. गुंजन टाके घाले अन् हासे, म्हणे आई, तुहे टाके वाकडे हायेत. आठव्या महिन्यात दुखाले लागलं, दवाखान्यात नेलं, तवर पोटातच गेलती. पोरगी होती.

आता तुमीच सांगा, मी काय कराले पाह्यजे होतं? मी म्हटलं गुंजन घरी याच्या आत सारं आवरून टाकू, डोळ्यापुढं नसलं तर याद येनार नाई. मी रात्रीतून पाळण्याचा दोर सोडला. अन् दुपटे — तवा टमाटे फळावर आलते, पट्ट्या पाह्यजे होत्या, कापड मऊ होतं. मी फाडले मॅडम. सातही फाडले. वाया काऊन घालवाचं, एवढंच आलं डोक्यात. माह्या या हाताले त्या वेळी काईच वाटलं नाई.

पाचव्या दिवशी गुंजन उठून वाडीत आली. मले वाटलं बरं झालं, पाय मोकळे करन. थोड्या वेळानं पाह्यलं तर ती एकेका झाडापाशी बसून पट्ट्या सोडून राह्यली. एक ओळ पूर्ण सोडलती, फांद्या खाली लोळत होत्या. अन् मी काय बोलली? मी म्हटलं, अवं फांद्या मोडतीन, फळ मातीत सडन. तिनं साऱ्या पट्ट्या ओटीत घेतल्या, अन् मले एवढंच इचारलं — आई, कोणासारखी होती वं?

तिनं पाह्यलीच नव्हती ना. नर्सबाईनं इचारलं होतं, आईले दाखवू काय, अन् मी म्हटलं नोका दाखवू, जास्त रडन. मीच म्हटलं. मी एकटीनं पाह्यलं. अन् पोरगी ओटीत चिंध्या घेऊन इचारते कोणासारखी होती, तर मी म्हणतो ते विसर आता, डॉक्टरीण म्हणते सहा महिन्यानं पुन्हा होईन, ताकदीचं खाय. उपाय सांगतला मी तिले. दुसऱ्या दिवशी गुंजन सासरी गेली.

सासर कोठी म्हंता? तुमच्या समुद्रपूरलेच. दीड वर्ष झालं. मेथीचे लाडू धाडले, डबा तसाच परत आला. फोन केला का जावई उचलते, मुकेशराव, चांगला हाये बिचारा, म्हणते आई, ती झोपली हाये. सकाळी अकराले झोपली, संध्याकाळी पाचले झोपली. मी त्याईलेबी उपायच सांगत राह्यली, या डॉक्टरले दाखवा, त्या देवाले न्या.

तिच्यासारखीच होती मॅडम. हुबेहूब. गुंजन झाली तवा जशी होती तशीच, हेच कपाळ, हनुवटीले हीच खळी. केस होते चांगले दाट, ओले होते, मी पदरानं पुसले. मले वाटलं आता डोळे उघडन. एवढं सांगाले काय लागत होतं? पोटच्या पोरीले नाई सांगतलं, अन् तुमाले, वळखीच्या ना पाळखीच्या, सांगून बसली.

माहं नाव खोडा त्या कागदावरून. शनिवारी येतो मी समुद्रपूरले, पन मेळाव्यात नाई येत. तिच्या दारात जाऊन बसतो. उघडलं तर एवढंच सांगीन, दुसरं काई बोलनार नाई. रडली तर रडू देईन. नाई उघडलं तर बाहेरूनच सांगीन, आयकू जाईन अशी.

नोका, फोटो नोका काढू आता. पदर ओला हाये. जा तुमी.