तेल पाजलेला रेडिओ

"हॅलो? …हो, सत्यवतीच बोलतेय. मोठ्यानं बोल, नलू… काय ते ट्रान्झिस्टरचं? …नको. पत्रातही नको म्हणूनच लिहिलं होतं. तुला वाचता येत नाही की वाचायचं नसतं?"

नागावच्या पोस्टात गावातला एकुलता एक फोन. पोस्टमास्तर दत्तात्रेय शिक्के मारायचे थांबले आणि उगाच टाक पुसत बसले. सत्यवतीने त्यांच्याकडे पाठ केली. धाकट्या बहिणीने सहा वर्षांत पहिल्यांदा मुंबईहून फोन करावा आणि तोही रेडिओसाठी, याने तिचं डोकं फिरलं होतं. रागावली की तिचा आवाज चढत नसे, खाली जाई. घरात त्यालाच सगळे टरकून असत.

"नवा कशाला? आहे तो दुरुस्त होईल… अलिबागला टाकलाय… कारागीर म्हणाला पंधरा दिवस लागतील… झाले असतील पंधरा. अजून पंधरा लागतील, तुझं काय जातंय? …कोणी फोडला? तात्यांनी? …कोणी सांगितलं तुला? …हां, शेजारची गोदू. म्हणजे तुझं नाव ऐकलं आणि रागानं फोडला, असं का? …नाही गो. ऐक. ऐकशील का जरा? तेल घातलं त्यांनी त्यात… खोबरेल… हो, रेडिओत. रेडिओवर तू गात होतीस आणि मध्येच तो करकरायला लागला. तात्या उठले, तेलाची वाटी आणली आणि मागच्या भोकांतून ओतली… का म्हणजे? विहिरीवरचा रहाट करकरला की काय करतात? तेच. जन्मभर वाडी शिंपलेला माणूस, त्यांना एवढंच ठाऊक. तुझा आवाज नीट यावा म्हणून… रडतेयस? रडू नकोस. तीनच मिनिटं मिळतात."

नलू पेटी वाजवणाऱ्या एका माणसाशी स्वतःच्या मनाने लग्न करून निघून गेली, त्या दिवसापासून वडिलांनी, तात्यांनी, घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. मागे राहिलं ते सगळं सत्यवतीच्या गळ्यात. वाडी, स्वयंपाक, तात्यांचा दमा. तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. आणि आता ही बाई रेडिओवर गाणार, वर नवा रेडिओही पाठवणार.

"गुरुवारी पुन्हा गाणार आहेस ते माहीत आहे मला… मग? तात्यांनी ऐकलंच पाहिजे असं कुठं आहे? …मी कशाला आडवी येऊ? …कारागिराचं नाव? तुला काय करायचंय नाव घेऊन? …कोणाला पाठवलंस? …अलिबागला, एकूणएक दुकानांत? बरीच पोचलेली आहेस की."

सत्यवतीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला. खोटं उघडं पडल्याची लाज तिला वाटायला हवी होती. पण वाटली नाही, उलट सुटल्यासारखं झालं.

"नाही टाकला… हो, टाकलाच नाही. घरातच आहे, भाताच्या कणगीमागे, गोणपाटाखाली… का ते सांगते. तो चालू होता तेव्हा तात्या संध्याकाळभर त्याच्याकडे तोंड करून बसायचे. मी ताट ठेवलं काय नि उचललं काय. तो बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, सत्ये, बस जरा… मी बसले. आईचं बोलले, सुपारीचं बोलले. माझ्या हाताला कापलं होतं, ते विचारलं. आठ दिवस, नलू. उभ्या जन्मात तेवढेच आठ दिवस माझ्या वाट्याला आले, आणि तू म्हणतेस नवा पाठवते… दुष्ट? म्हण. आहेच मी."

मास्तरांनी घड्याळाकडे बोट केलं.

"दिसतंय, मास्तर… नलू, आहेस का? …आठच का? कारण नवव्या दिवशी विषय बदलला… कसला म्हणजे? तुझा. नलू लहानपणी गायची कशी, नलूला बोंबील किती आवडायचे, नलू आता काय खात असेल. सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं आता बाहेर पडतंय, माझ्यासमोर. रोज. मी बसते आणि ते मला तुझं सांगतात… नाही, माझ्या हाताचं परत नाही विचारलं."

तिने पदराने फोनचं तोंड पुसलं, कशाला ते तिलाही कळलं नाही.

"पाठव तुझा ट्रान्झिस्टर… हो, गुरुवारच्या आत… आभार नकोत. मी काही तुझ्यासाठी करत नाही. त्यांना त्याच्याकडे तोंड करून बसू दे. माझ्या तोंडाकडे बघत तुझं नाव घेतात, ते मला नाही सोसत… बस. ठेवते."

पलीकडे नलू अजून बोलत होती. सत्यवतीने रिसीव्हर खाली ठेवला.